सगळ्या बंदुकांना एकच दारू?

"मॅगझिनच्या मराठी विभागात कशावर लिहितेयस?" असं मेसमध्ये कुणीतरी विचारलं आणि मी "दारूवर" असं उत्तर दिलं, तेव्हा टेबलावरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. रेक्टर मॅडमच्या कानावर जाण्याआधीच खुलासा करते : बंदुकीची दारू! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे या शब्दाचे दोन अर्थ आहेत हे मला बरंच उशिरा कळलं. असो.

मित्रांनो, विषय सुचला तो आमच्या रूममधल्या एका वादावरून. माझ्या रूममेटने कुठेतरी वाचलं होतं की अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले लोक रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. अशा माणसाकडे चार-पाच वेगवेगळ्या रायफली असल्या की त्याला एक प्रश्न हमखास पडतो. प्रत्येक रायफलीसाठी दारूचा वेगळा डबा घ्यायचा, की सगळ्यांना चालेल अशी एकच दारू निवडायची? रूममेटचं मत ठाम होतं. "एकच घ्यावी ना! डोक्याला ताप नाही. आणि हौशी माणसालाच कशाला, आपल्या फौजेलाही एकच करून टाकावी. आपल्या जवाहरनगरच्या फॅक्टरीचं कामही सोपं होईल."

पहिल्या झटक्यात मलाही ते पटलं. पण मग लायब्ररीत बसून थोडं वाचलं, आणि आता माझं मत बदललंय. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. बंदुकीची दारू काडतुसात 'फुटत' नाही, ती जळते. फक्त प्रचंड वेगाने जळते. कॅपवर पिन आदळते, ठिणगी पडते, दारूचे दाणे पेटतात आणि गॅस तयार होतो. बंद जागेत गॅस वाढला की दाब वाढतो. आणि खरी गोम इथेच आहे : दाब वाढला की दारू आणखी जोरात जळते, ती जोरात जळली की दाब आणखी वाढतो. या चक्राला लगाम कोण घालतं? पुढे सरकणारी गोळी. ती नळीत पुढे गेली की मागे जागा होते आणि दाब उतरतो. हा सगळा खेळ सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात संपतो, आणि तेवढ्या वेळात दाब वातावरणाच्या साडेतीन हजार पटींच्याही वर जातो.

म्हणजे दारूचा जळण्याचा वेग आणि गोळीचा सरकण्याचा वेग यांचं जमलं पाहिजे. गोळी हलकी आणि पुंगळी छोटी असेल तर दारू लवकर जळणारी हवी. गोळी जड, पुंगळी मोठी आणि नळीचं भोक त्या मानाने बारीक असेल तर सावकाश जळणारी हवी. उलट केलं तर? मोठ्या पुंगळीत लवकर जळणारी दारू भरली तर गोळी हलायच्या आत दाब चढतो आणि रायफल फुटू शकते. छोट्या पुंगळीत सावकाश जळणारी भरली तर गोळी नळीबाहेर गेली तरी दारू अर्धी जळायचीच असते. धूर, कचरा, कमी वेग आणि ऑटोमॅटिक रायफल असेल तर पुढचं काडतूस चढतच नाही.

हा वेग ठरवायला मोठी रसायनं बदलावी लागतात असंही नाही. दाण्याचा आकार पुरतो. भरीव कांडी जळताना बारीक होत जाते, म्हणून तिचा गॅस हळूहळू कमी होतो. कांडीला मधोमध एक भोक पाडलं तर बाहेरून पृष्ठभाग कमी होतो, आतून वाढतो, म्हणून गॅस जवळपास सारखा राहतो. सात भोकं पाडली तर जळता जळता पृष्ठभाग वाढतच जातो. आपण फर्स्ट इयरला क्षेत्रफळाची गणितं घोकली ना, ती इथे जीव वाचवतात!

आता 'एकच दारू' या बाजूने जे बोलता येतं ते प्रामाणिकपणे बोलते. मधल्या वेगाच्या काही दारू खरोखरच बऱ्याच रायफलींना चालतात. ४८९५ क्रमांकाची अमेरिकन दारू याचं गाजलेलं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात ती थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसासाठी वापरली गेली. युद्ध संपल्यावर उरलेला साठा ब्रूस हॉजडन नावाच्या माणसाने विकत घेऊन हौशी नेमबाजांना विकायला सुरुवात केली, आणि लोकांना कळलं की ही छोट्या-मोठ्या कितीतरी रायफलींत चालते. आजही 'एकच डबा घ्यायचा तर कोणता?' या प्रश्नाला तिचं नाव हमखास येतं. म्हणजे बहुगुणी दारू ही काही भाकडकथा नाही. पण तीसुद्धा पिस्तुलाला चालत नाही, आणि मोठ्यात मोठ्या मॅग्नम काडतुसालाही योग्य नाही. शिवाय ती चालते म्हणजे 'माप तेच' असं नव्हे. प्रत्येक काडतुसाला, प्रत्येक वजनाच्या गोळीला तिचं माप वेगळं, आणि ते तपासलेल्या तक्त्यातूनच घ्यावं लागतं.

आपल्या इतिहासातही हेच दिसतं. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू तोफेलाही चालायची आणि बंदुकीलाही. पण तोफेची दारू जाड दाण्याची, बंदुकीची बारीक, आणि कानात घालायची रंजक त्याहून बारीक. म्हणजे माल एक, पण दाणा वेगळा! 'एकच दारू' तेव्हाही खऱ्या अर्थाने एकच नव्हती.

इथे गावाकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्याकडे रानडुकरांपासून धान राखायला काही ठिकाणी परवान्याच्या जुन्या भरमार बंदुका असतात. त्या काळ्या दारूसाठी बनलेल्या असतात. त्यात काडतुसातली आजची बिनधुराची दारू भरली तर नळी फाटते, हात-डोळे जातात. 'दारू ती दारू' म्हणणं तिथे किती महाग पडू शकतं, बघा. आणि काडतुसं घरी भरण्याचा छंद आपल्याकडे असा सहज करताही येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायला परवाना लागतो. म्हणून आपल्यासाठी हा प्रश्न छंदाचा नसून कारखान्यांचा आणि फौजेचा आहे.

आता ज्या उदाहरणाने माझं मत बदललं, ते सांगते. अमेरिकेची एम-१६ रायफल, ५.५६ मिमी. ती जुळवली गेली कांडीच्या आकाराच्या एका दारूवर. मोठ्या प्रमाणात उत्पादन सुरू करायची वेळ आली तेव्हा ठरलेला वेग आणि ठरलेला दाब दोन्ही सांभाळणं त्या दारूला जमेना. मग १९६४ मध्ये सैन्याने गोल दाण्याची दुसरी दारू मंजूर केली. ही दारू ७.६२ मिमीच्या नाटो काडतुसात आधीपासून वापरात होती, म्हणजे 'प्रूव्हन' होती. गोळीचा वेग मिळाला, दाब मर्यादेत राहिला, कागदावर सगळं ठीक!

पण रायफल नुसती गोळी फेकत नाही. नळीतला थोडा गॅस घेऊन ती स्वतःला पुन्हा लोड करते. गोल दाण्याची दारू वेगळ्या तऱ्हेने जळत होती, म्हणून गॅस घेण्याच्या भोकापाशी दाब जास्त मिळू लागला. रायफल ठरल्यापेक्षा जोरात चालू लागली. शिवाय त्या दारूत आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट असे, त्याचा थर गॅसच्या बारीक नळीत साचू लागला. ७.६२ च्या रायफलींत जे खपून गेलं ते इथे खपलं नाही. व्हिएतनामच्या जंगलात सैनिकांच्या रायफली ऐन चकमकीत अडकल्या. दोष एकट्या दारूचा नव्हता. चेंबरला क्रोम नव्हतं, सफाईचं सामान पुरेसं दिलं नव्हतं. पण १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने, तिचे अध्यक्ष रिचर्ड आयकॉर्ड, चौकशी केली तेव्हा दारूचा बदल हे एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. नंतर कॅल्शियम कार्बोनेट कमी केलं, आणि ५.५६ साठी व ७.६२ साठी दारूचे वेगळे क्रमांकच ठरले. एका दारूची पुन्हा दोन झाली!

आता आपल्याकडे या. आपल्या जवानांच्या हातात आज इन्सास आहे ५.५६ ची, एके-२०३ आहे ७.६२ × ३९ ची, आणि सिग-७१६ आहे ७.६२ × ५१ ची. शेवटच्या दोन्ही '७.६२', म्हणून एकच समजू नका. एकीची गोळी साधारण ८ ग्रॅमची आणि पुंगळी आखूड, दुसरीची साधारण साडेनऊ ग्रॅमची आणि पुंगळी लांब. वर हवामानाचा प्रश्न. गरम दारू जोरात जळते, थंड दारू मंद. नाटोच्या चाचणीत काडतूस उणे ५४ पासून ५२ अंश सेल्सिअसपर्यंत तपासतात. आपल्याला हे आकडे पुस्तकी वाटायला नकोत : एका टोकाला सियाचीन, दुसऱ्या टोकाला राजस्थान, आणि भंडाऱ्याचा मे महिना तर आपण सगळे हॉस्टेलच्या पंख्याखाली भोगतोच.

रूममेट यावर एक चांगला मुद्दा बोलली. "दारूचे प्रकार कमी केले तर कारखान्यात वेगवेगळे साठे कमी, वाळवणं-हलवणं कमी, चुका कमी. कामगारांचाही विचार कर." हे मी हसण्यावारी नेणार नाही. भंडाऱ्याची आयुध निर्माणी २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत आहे, पण आपल्यासाठी ती अजून 'फॅक्टरी'च. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला आणि आठ कामगारांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचा दारूच्या प्रकारांशी संबंध जोडायचा माझा अजिबात हेतू नाही. पण त्या दिवसानंतर या जिल्ह्यात बसून 'साठा', 'बॅच' हे शब्द नुसते कागदी राहत नाहीत. कमी प्रकार म्हणजे कमी धोका, हे बऱ्याच अंशी खरं आहे. मात्र चुकीच्या जागी वापरलेल्या एका दारूमुळे जो माल नापास होतो, तोही कुणालातरी हातानेच उचलावा लागतो, हेही तितकंच खरं.

म्हणून माझं मत असं : एक दारू अनेक रायफलींना वापरायला हरकत नाही, पण ती कुठपर्यंत चालते ती हद्द आधी लिहिलेली हवी, आणि प्रत्येक नव्या रायफलीत तिची परीक्षा पहिल्यापासून व्हायला हवी. 'प्रूव्हन आहे' हे अर्धं वाक्य आहे. कशात प्रूव्हन? कोणत्या गोळीने? किती तापमानाला? हे विचारल्याशिवाय ते वाक्य पूर्ण होत नाही. १९६४ मध्ये सही करणाऱ्या माणसाची रायफल अडकली नाही, अडकली ती चिखलात झोपलेल्या विशीतल्या पोराची. आपल्याच वयाचा असेल तो.

आपल्यापैकी काही जण उद्या अशाच एखाद्या फॅक्टरीत अप्रेंटिस म्हणून जातील, काही जण पूल बांधतील, काही सॉफ्टवेअर लिहितील. तिथे कुणीतरी नक्की म्हणेल, "मागच्या प्रोजेक्टला चाललं होतं, इथेही टाक." सीनियरचा प्रोजेक्ट रिपोर्ट नाव बदलून देण्याची सवय आपल्याला आहेच, म्हणून हे जास्त सांभाळायचं. सही करायच्या आधी फक्त एवढं विचारा, की आधी चाललं तेव्हा आजूबाजूला काय होतं आणि आता काय बदललंय.

आणि एवढं सगळं वाचूनही कुणाला पटत नसेल, तर त्याने आज रात्री मेसमध्ये यावं. वांगी, मटकी, बटाटा, पनीर... सगळ्याला एकच मसाला. रूममेटने परवा दुसरा घास घेतल्यावर माझा मुद्दा मान्य केला!