पाणी खरंच गुणगुणतं!



गेल्या उन्हाळ्यात देवासजवळ आमच्या काकांच्या शेतावरची दुसरी बोअरही कोरडी गेली. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता. पाणी लागलं नाही, कर्ज मात्र राहिलं. "जमिनीतलं पाणी आधी कळायचा काही खरा उपाय नाही का रे?" काकांनी मला विचारलं.

उपाय आहे, आणि तो दवाखान्यातल्या एमआरआयचा भाऊच आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. त्यांचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, हे एक इवलंसं चुंबक. चुंबकीय क्षेत्रात त्याला धक्का दिला की ते भोवऱ्यासारखं डोलतं. क्षेत्र जितकं जोरदार, तितकं डोलणं वेगवान. १.५ टेस्लाच्या एमआरआयमध्ये ते सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा डोलतं. पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या जवळपास तीस हजार पटींनी कमजोर, म्हणून इथे वेग फक्त २ हजारांच्या आसपास. हा सूर तर आपल्या कानांच्या टप्प्यातला! स्पीकरला जोडला तर शिट्टीसारखा ऐकू येतो. पॅकार्ड आणि व्हेरियन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५४ साली तो पृथ्वीच्याच क्षेत्रात टिपला.

भूजल शोधताना जमिनीवर तारेचं मोठं वेटोळं पसरतात. त्याच सुराचा विद्युतप्रवाह क्षणभर सोडतात, बंद करतात आणि ऐकतात. खाली पाणी असेल तर तेच उत्तर देतं. इतर पद्धती खडकावरून पाण्याचा अंदाज बांधतात. ही थेट पाण्यालाच विचारते. रशियन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित केली.

दवाखान्यातही कमजोर चुंबक आलं आहे. ०.०६४ टेस्लाचं, चाकांवरचं एमआरआय यंत्र थेट रुग्णाच्या खाटेपाशी नेता येतं. अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. चित्र मोठ्या यंत्राइतकं बारीक नसतं, पण हलवता न येणाऱ्या रुग्णासाठी ते मोलाचं.

मग काकांच्या शेतात हे का नाही? पाण्याचं उत्तर फार क्षीण असतं. जवळच्या विजेच्या तारा ते बुडवतात. शिवाय माळवा असो की मराठवाडा, आपल्या काळ्या कातळातच चुंबकीय खनिजं आहेत. ती सूर बिघडवतात.

मी काकांना हे सगळं सांगितलं. तिसऱ्या बोअरचे पैसे त्यांनी शेततळ्यात घातले. तळ्यातलं पाणी निदान डोळ्यांना दिसतं, म्हणाले!