जुन्या जीपला हवेचे लॉक : गरज किती, हौस किती?

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी आणि तिच्या आसपासच्या गावांची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून घेते आणि ती चाकाला चिकटली की टायरच्या सगळ्या खाचा भरून जातात. मग नवा टायरही गुळगुळीत टायरासारखा घसरू लागतो. नेमक्या याच दिवसांत, म्हणजे परतीचा पाऊस आणि सोयाबीनची काढणी एकत्र येतात तेव्हा, धान्याच्या व्यापाऱ्याला शेतापर्यंत जावे लागते. माल पाहायचा असतो, ओलावा तपासायचा असतो, शब्द द्यायचा असतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो, आणि तो भाव शेतकऱ्याला खळ्यावर समोरासमोर सांगितलेला बरा. मात्र खळ्यापर्यंत डांबरी रस्ता नसतो. असते ती पांदण.

अशा गावातील एका व्यापारी घराची कल्पना करावी. घरात वीस-बावीस वर्षांची, चारही चाकांना शक्ती देणारी महिंद्रा जीप आहे. गेल्या हंगामात ती पांदणीत रुतली. ट्रॅक्टर मिळेपर्यंत दिवस मावळला आणि वडिलांचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण राहून गेले. यंदा चिरंजीवांनी प्रस्ताव मांडला, की जीपच्या पुढच्या व मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये एअर लॉकर बसवावेत आणि त्यासाठी गाडीतच हवेचा कॉम्प्रेसर लावावा. वडिलांनी विचारले, “आपल्या जीपची चारही चाकं फिरतात ना? मग आणखी लॉक कशाला?”

प्रश्न अगदी योग्य आहे. खर्चाला होकार किंवा नकार देण्यापूर्वी त्याचे उत्तर समजून घेणे आवश्यक आहे.

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्र फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, आतले कमी. त्यामुळे अडचण येत नाही. मोटारीत मात्र एकाच इंजिनाने दोन्ही चाके फिरवायची असतात आणि वळणावर त्यांना निरनिराळ्या वेगाने फिरण्याची मोकळीकही द्यायची असते. हे काम डिफरन्शियल करते. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी अशा रचनेचे पेटंट घेतले, आणि तेच तत्त्व आजही मोटारींत चालते.

या रचनेत एक दोष आहे. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, पण तो जोर किती असावा हे ज्या चाकाची पकड कमी ते चाक ठरवते. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. चार चाकांच्या जीपमध्ये पुढचे एक आणि मागचे एक अशी दोनच चाके घसरली तरी उरलेली दोन उभी राहतात आणि गाडी जागची हलत नाही. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. चार चाकांना शक्ती पोहोचते हे खरे, पण ती वाया जाऊ नये याची व्यवस्था त्यात नाही.

ती व्यवस्था शेतकऱ्याला नवी नाही. नांगरताना ट्रॅक्टरचे एक चाक घसरू लागले की चालक टाचेजवळचे पेडल दाबतो आणि दोन्ही मागची चाके एकजीव होतात. ते पेडल म्हणजेच डिफरन्शियल लॉक. एअर लॉकर तेच काम हवेच्या दाबाने करतो. ऑस्ट्रेलियातील एआरबी या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो जगभर पोहोचवला. आपल्याकडे फोर्स गुरखा दोन्ही आसांवर लॉक घेऊन कारखान्यातूनच येते, आणि २०२० च्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागच्या आसावर आपोआप लागणारे यांत्रिक लॉक देण्यात आले. जुन्या जीपला मात्र ते बाहेरून बसवावे लागते.

बसवण्याचे काम पंक्चर काढण्याइतके सोपे नाही. १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून या गाड्यांच्या मॉडेलांत अनेक बदल झाले. त्यामुळे आपल्या गाडीचा आस कोणता आणि त्याच्या हाफ शाफ्टच्या टोकाला खाचा किती, हे मोजल्याशिवाय माल मागवू नये. मिस्त्री या खाचांना स्प्लाइन म्हणतात. तिथे चूक झाली तर महागडा लॉकर खोक्यातच राहतो.

पुढे डिफरन्शियल उघडून तेल काढले जाते आणि हाफ शाफ्ट बाहेर ओढले जातात. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी खूण करावी लागते, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. जुन्या पिंजऱ्यावरचे क्राउन व्हील लॉकरवर चढवायचे, बोल्टांना न सुटणारा चिकट द्रव लावायचा आणि ठरलेल्या जोराने आवळायचे. क्राउन व पिनियन यांच्या दातांमधली सूक्ष्म ढिलाई डायल गेजने मोजून पातळ चकत्यांनी जुळवायची. दातांवर रंग लावून त्यांचा ठसा नेमका कुठे पडतो हेही तपासायचे. ही ढिलाई चुकली तर पहिल्या काही शे किलोमीटरांतच आस किंकाळू लागतो. शेवटी डिफरन्शियलच्या घराला भोक पाडून आटे कापले जातात आणि त्यातून हवेची बारीक नळी आत जाते.

आतली क्रिया साधी आहे. बटण दाबले की विजेवर चालणारी झडप उघडते. साधारण ८५ ते १०५ पीएसआय दाबाची हवा आत जाऊन एक कडे सरकवते, आणि ते कडे हाफ शाफ्टच्या गिअरला बाहेरच्या पिंजऱ्याशी जखडते. बटण बंद केले की हवा निघून जाते, स्प्रिंगा कडे मागे ढकलतात आणि गाडी पूर्ववत होते. नळीच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे, ही या कामाची खरी परीक्षा. आतली रबरी कडी गळत असेल तर हवा तेलात शिरते आणि आसाच्या श्वासनळीतून तेल बाहेर येऊ लागते.

कॉम्प्रेसरचा उपयोग दुहेरी आहे. लॉकरला हवा पुरवण्याखेरीज तो टायरही भरतो. हलक्या जीपचा टायर ३० पीएसआयवरून १८-२० वर उतरवला की जमिनीवरचा त्याचा ठसा लांबतो आणि रुतणे कमी होते. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते आणि लॉकचे बटण दाबावेच लागत नाही. मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरली पाहिजे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फाटू शकतो. १२ व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर वीस-पंचवीस अँपिअर वीज घेतो, म्हणजे दोन हेडलाइट मिळून घेतात त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणून जुन्या गाडीचा अल्टरनेटर आधी तपासावा. बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार, फ्यूज आणि रिले घ्यावा. कॉम्प्रेसर सायलेन्सरपासून दूर, उंच व कोरड्या जागी बसवावा.

वापराचेही नियम आहेत. चाके गरगर फिरत असताना लॉक लावू नये. गाडी थांबवून लावावे. आधी मागचे, आणि अगदी अडल्यासच पुढचे. कारण पुढचे लॉक लागले की स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते. पक्क्या रस्त्यावर लॉक लावून वळणे म्हणजे टायर घासणे आणि हाफ शाफ्ट मोडण्याला आमंत्रण देणे होय. आणि लॉकर पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वापरतो, हे कधीही विसरू नये. चारही चाके चिखलात पोहत असतील तर लॉकही निरुपयोगी.

आता हिशेबाकडे वळावे. हा खर्च जीपची विक्रीची किंमत फारशी वाढवत नाही. म्हणून तो गुंतवणूक म्हणून नव्हे, तर टळलेल्या नुकसानीशी ताडून पाहावा. हंगामात किती वेळा गाडी अडली, ट्रॅक्टरला किती द्यावे लागले, क्लच प्लेट किती लवकर जळली, किती सौदे हुकले, या चार रकमा एका कागदावर मांडल्या की निम्मा वाद मिटतो. खर्चाचा क्रमही ठरलेला असावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि रेडिएटर पहिले, चिखलाचे चांगले टायर व मजबूत ओढ-हुक दुसरे, कॉम्प्रेसर तिसरा, मागचा लॉकर चौथा. पुढचा लॉकर सर्वांत शेवटी.

कर आणि कायदा यांकडे दुर्लक्ष करू नये. १३ किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी वाहनाच्या दुरुस्ती-देखभालीच्या सेवेवर भरलेला वस्तू व सेवा कर धान्य-व्यापाऱ्याला कलम १७(५) मुळे वळता करून घेता येत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेल्या वाहनाची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. म्हणून काम सुरू करण्याआधीच परिवहन कार्यालयात विचारणा करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि दोन्ही पत्रांच्या प्रती गाडीच्या कागदपत्रांत ठेवाव्यात. दाव्याच्या वेळी तोंडी होकार उपयोगी पडत नाही.

एक हिशेब मात्र वहीत मावत नाही. आषाढापासून कार्तिकापर्यंत आपले साधू-साध्वी विहार थांबवतात, कारण पावसाने भिजलेली भूमी जीवांनी भरलेली असते. श्रावकाला व्यवसायासाठी हिंडण्याची मोकळीक आहे, पण तिलाही मर्यादा आहे. दिग्व्रत दिशांची सीमा घालते आणि अनर्थदंडव्रत निष्प्रयोजन हिंसेपासून परावृत्त करते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्येची गणना करताना विनाकारण जमीन उकरणे, पाणी ढवळणे आणि वनस्पती तोडणे यांच्याबरोबर विनाकारण हिंडणे व हिंडवणे यांचाही समावेश केला आहे. नाल्याच्या पात्रात केवळ मौजेसाठी जीप घालून चिखल उडवणे याहून वेगळे काय?

यंत्र मात्र स्वतः दोषी नाही. लॉक नसलेली जीप जागच्या जागी चाके फिरवून पांदणीत हातभर खड्डे पाडते, आणि त्या खड्ड्यांत दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याचे बैल अडकतात. लॉक असलेली जीप, सावकाश चालवली तर, त्याच पांदणीतून कमी ओरखडे पाडत जाते. गरजेच्या फेरीत लॉकरने हिंसा घटते, आणि हौसेच्या फेरीत तोच लॉकर तिला पाय फोडतो. ज्यांच्या पांदणी आहेत त्यांच्याशीच पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करायचा असतो, हेही व्यापारी घराने ध्यानात ठेवावे.

या घरात अखेर मधला मार्ग निघावा. यंदा टायर, कॉम्प्रेसर आणि फक्त मागचा लॉकर. पुढच्याचा विचार हंगाम संपल्यावर. सोबत वडिलांची एकच अट असावी : “गाडीत एक वही ठेव. बटण दाबलंस की तारीख, जागा आणि कशासाठी गेला होतास ते लिही.” आईनेही एक ओळ जोडावी, की नमुना डांबरी रस्त्यापर्यंत आणून देणारा शेतकरी असेल तर त्या दिवशी पांदणीत जायचेच नाही, आणि दिवस कलण्यापूर्वी घर गाठायचे.

दिवाळीला वही-पूजनाच्या वेळी ती छोटी वही चोपड्यांशेजारी ठेवावी. कारणाचा रकाना ज्या नोंदींत रिकामा असेल, त्या मोजाव्यात. पुढचा लॉकर घ्यायचा की नाही, याचे उत्तर त्या संख्येत आपोआप मिळेल.