दिल्ली वळते ती कशामुळे?

एखाद्या देशाने परराष्ट्र धोरणाची दिशा बदलली की त्याचे श्रेय किंवा खापर आपण लगेच नेत्यावर टाकतो. भारत-इस्रायल संबंधांचा इतिहास पाहिला तर हे उत्तर पुरे पडत नाही. भारताने इस्रायलला १९५० सालीच मान्यता दिली, पण पुढची चार दशके मजल मुंबईतल्या वाणिज्य दूतावासापलीकडे गेली नाही. कोकणातले मराठीभाषक बेने इस्रायल हजारोंनी तिकडे स्थायिक झाले, तरी दिल्ली ढिम्म राहिली. १९७७ मध्ये केंद्रात पहिले बिगरकाँग्रेसी सरकार आले. त्याच ऑगस्टमध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप भारतात येऊन पंतप्रधान मोरारजी देसाईंना भेटले आणि रिकाम्या हाताने परतले. सत्तेतला पक्ष बदलला, धोरण जागच्या जागी राहिले. कारण अरबांचे तेल, आखातात राबणारे भारतीय, काश्मीर प्रश्नावर हवा असलेला अरब राष्ट्रांचा पाठिंबा आणि सोव्हिएत मैत्री ही गणिते कायम होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मात्र ती गणिते दीड-दोन वर्षांत विस्कटली. आखाती संकटाने तेल भडकले, परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण पडले. ऑक्टोबरात माद्रिदला खुद्द अरब राष्ट्रे इस्रायलसमोर चर्चेला बसली. डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. २९ जानेवारी १९९२ रोजी भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, तेही बहुमत नसलेल्या काँग्रेस सरकारने.

मग तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव यांचे कर्तृत्व काहीच नाही का? आहे, आणि ते मोठे आहे. घोषणेआधी काही दिवस पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांचे दिल्लीत स्वागत करून त्यांनी विरोधाची धार बोथट केली. परिस्थिती दार उघडते, पण आत कधी आणि कसे शिरायचे हे माणसालाच ठरवावे लागते. तत्त्वांना तिलांजली दिली, हा आक्षेप मात्र टिकत नाही. पॅलेस्टाईनला १९८८ मध्ये दिलेली मान्यता भारताने काढून घेतलेली नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी दिल्लीने वळण घेतल्याची बातमी वाचाल तेव्हा नेत्याचे भाषण जरूर ऐका, पण तेलाचा भाव आणि गंगाजळीचा आकडाही पाहा.