घरबसल्या, पण कुणाच्या सोयीनं?



उन्हाळ्यात सोलापुरातल्या आमच्या केंद्रात अक्का एक कागद घेऊन आली. वर्तमानपत्राच्या घडीत घालून वाटतात तसलं गुलाबी हँडबिल. 'घरबसल्या कॉम्प्युटर शिका, घरबसल्या कमवा. गृहिणींसाठी सुवर्णसंधी.' अक्का ३४ वर्षांची आहे. लग्नानंतर १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी झाली. लग्नाच्या आधीपासून विड्या वळते. दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या तर पहाटे पानं भिजवण्यापासून रात्री जुड्या बांधेपर्यंत मांडीवरचं सूप खाली उतरत नाही.

"ताई, विडी सोडायची हाय," ती म्हणाली. "ह्यो कोर्स घिऊ का?"

घरीच का शिकायचं, क्लासला का नाही, असं मी विचारलं. तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "क्लासला गेले तर विड्या कोण वळणार म्हणत्यात सासूबाई. घरी असलं की वळता वळता ऐकता येतंय."

वळता वळता! दोन्ही हात पान-तंबाखूत, आणि कळफलकावर बोटं ठेवायची कुणी? पण तिच्या उत्तरातलं गणित चुकलेलं नव्हतं. तिच्या दिवसात शिकण्यासाठी वेगळी जागाच नव्हती, असलेल्या कामाच्या वरच ते शिकणं रचायचं होतं. देशाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७. २०२४च्या पाहणीत बायांची मिनिटं २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, त्यांची नऊ. या दहा मिनिटांत कॉम्प्युटर शिकायचा आहे!

'घरबसल्या' हा शब्द मला म्हणूनच टोचतो. विडीही घरबसल्याच आहे ना. विडी घरात आली तेव्हाही ती बाईच्या सोयीची म्हणूनच आली. मूल सांभाळता येतं, चूल सांभाळता येते, चार पैसे मिळतात. मालकाचं शेडचं भाडं, दिव्याचं बिल, पाळणाघर सगळं वाचलं, आणि वर 'छाट' काढण्याचा अधिकार त्याच्याच हाती राहिला. विड्या वाकड्या म्हणून बाजूला काढल्या की त्यांची मजुरी नाही. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे हे १९६६च्या विडी कामगार कायद्यानं मान्य केलं. पण ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी प्रत्यक्ष पदरात पाडून घेण्यासाठी बायांना मोर्चे काढावे लागले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनं १९९६ साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यामागे आपल्याकडच्या 'सेवा'सारख्या संघटनांची मेहनत होती. भारतानं मात्र त्याला संमती दिलेली नाही. म्हणजे घरातलं काम काम म्हणून मोजायला अजूनही सगळे नाखूशच आहेत. सूप जाऊन तिथं कॉम्प्युटर आला तर हे आपोआप बदलेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

उलट छाटेचा नवा अवतार मी पाहिला आहे. आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईनं घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम घेतलं. आधी 'प्रशिक्षण आणि नोंदणी' म्हणून पैसे भरले, एक करार न वाचता मोबाईलवरच मान्य केला. आठ दिवस रात्री जागून पानं टाईप केली. नवव्या दिवशी निरोप आला की चुका ठरल्यापेक्षा जास्त आहेत, काम बाद, आणि करारभंगाबद्दल दंड भरा. मग वकिलाच्या नावानं नोटीस, कोर्टाची धमकी. तिनं कानातले गहाण टाकून पहिला हप्ता भरला, आणि दुसऱ्याची मागणी आल्यावर आमच्याकडे आली. घरात अजून कुणाला माहीत नव्हतं. हा प्रकार जुना आहे आणि ठिकठिकाणी चालतो. मोबाईलवर आलेली असली नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे, तिला घाबरून पैसे भरू नयेत, १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, हे प्रत्येक गटाच्या बैठकीत एकदा तरी मोठ्यानं सांगायला हवं. काम देणारा आधी पैसे मागतो तेव्हा काम हे निमित्त असतं, एवढं तिला कुणी आधी सांगितलं असतं तर कानातले कानातच राहिले असते.

आता माझी स्वतःची चूक सांगते. २०२१ साली शिवणकाम करणाऱ्या एका मैत्रिणीला मीच घरून करायचा एक ऑनलाईन कोर्स सुचवला होता. एम.एस.डब्ल्यू.ला गरजांचं मूल्यमापन कसं करायचं हे दोन वर्षं शिकले होते, तरी तिला एक साधा प्रश्न विचारला नाही: घरातला कॉम्प्युटर रात्री कुणाच्या हातात असतो? तो मुलाच्या अभ्यासाचा होता. नंतर त्याच्या खेळाचा झाला. मोबाईल नवऱ्याचा, तो कामावरून आला की मिळायचा. फी गेली, मुदत संपली, आणि 'आईला काही जमत नाही' हे घरात कायमचं ठरून गेलं. पैशांपेक्षा हे शेवटचं मला जास्त लागलं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरते असा मोबाईल असणाऱ्या बाया देशात ५४ टक्केच होत्या, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या ३३ टक्के. हे आकडे मी बैठकांत पुष्कळदा वाचून दाखवले होते. समोरच्या बाईला मात्र लावून पाहिले नाहीत.

म्हणून अक्काच्या वेळी आम्ही उलटीकडून सुरुवात केली. कोर्स कुठला हे बाजूला ठेवलं आणि काम कुठं आहे ते आधी विचारायला तिला आणि आणखी दोघींना बाजारात पाठवलं. गणवेश शिवून पाठवणारे, टॉवेल-चादरीचे व्यापारी, किराण्याचे घाऊक दुकानदार, करसल्लागार. चार दिवस तिघी हिंडल्या. हँडबिलावरच्या 'ग्राफिक, वेब, मल्टिमीडिया' या शब्दांबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही. लागत होती ती खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत नीट चढवणारी, जीएसटीची विवरणपत्रं कशी भरतात ते समजणारी आणि मराठीत पत्र टाईप करू शकणारी बाई. दोघा-तिघांनी तर सांगितलं, काही दिवस दुकानात बसा, हात बसला की घरून केलं तरी चालेल. हे कळल्यावर निवड अर्धी झाली.

घरी शिकण्यासारखंही बरंच निघालं, आणि फुकट. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाचे धडे दहा-दहा मिनिटांचे आहेत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपण करून पाहायचं. लिबरऑफिसचे धडे मराठीतही आहेत आणि ते सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. टॅलीची शिकाऊ आवृत्ती मिळते. तीत ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण शिकायला तेवढं पुरतं. मराठीसाठी आम्ही इनस्क्रिप्ट कळफलक घेतला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. अक्काच्या घरी तेलुगू बोलतात. आठवडाभरानं तिच्याच लक्षात आलं की मराठी 'क' जिथं आहे तिथंच तेलुगूचाही 'क' आहे. एक शिकलं की दुसरी लिपी अर्धी आलीच. त्या दिवशीचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

पण सगळं घरी होत नाही. सरकारी लिपिक पदासाठी मराठीचा ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग दाखवणारं प्रमाणपत्र लागतं. त्या परीक्षेला मान्यताप्राप्त संस्थेतूनच बसता येतं. एमएस-सीआयटीलाही अधिकृत केंद्रात नाव घालावं लागतं. एखादा खासगी कोर्स 'सरकारमान्य' म्हणून विकत असेल तर कुणाची मान्यता, कुठल्या पदाला चालते, हे लेखी मागा. अक्काच्या हँडबिलावरच्या नंबरवर आम्ही तेवढंच विचारलं. पुन्हा फोन करतो म्हणाले. अजून केलेला नाही.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीला हे सगळंच पटलेलं नाही. "उंबरा ओलांडायला लावायचा म्हणून आपण आयुष्य घातलं, आणि आता तूच बायांना घरी बसून शिका सांगतेस?" त्यांचा राग मला समजतो. पण तान्हं मूल असलेली, आजाऱ्याची सेवा करणारी, माहेरी परत आलेली आणि बाहेर पडली की टोमणे ऐकणारी बाई 'आधी उंबरा ओलांड' या अटीवर शिकणारच नाही. घरून सुरुवात होऊ द्या. घरातच शेवट होणार असेल तर मात्र त्यांचं म्हणणं खरं ठरेल. खूप वाद झाल्यावर ठरलं ते असं: चार दिवस घरी, दोन दिवस केंद्रात. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन तास. अडलेलं तिथं सोडवायचं, आणि एकीला कुठून काम आलं, काय दर मिळाला, हे सगळ्यांसमोर बोलायचं. विडीचा दर बायांनी एकत्र आल्यावरच वाढवून घेतला होता. घरी बसलेल्या दहा जणी दहा वेगळ्या दरांनी टाईप करत राहिल्या तर कुणालाच काही कळणार नाही.

लॅपटॉप बचतगटाच्या कर्जातून, जुना, पण अक्काच्या नावानं घेतला. पावती गटाच्या कपाटात आहे. मुलानं पहिल्याच दिवशी खेळ टाकायला मागितला, तेव्हा तिनं त्याला गटाच्या अध्यक्षांची परवानगी आणायला सांगितली.

तुमच्या गटांमध्ये कुणी असं घरून शिकून खरोखर काम बदललं असेल, किंवा फसलं असेल, तर कळवा. फसलेलं आधी कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

अक्काच्या सासूबाईंचा होकार अजून आलेला नाही. मंगळवार-शुक्रवारी विड्या कमी भरतात म्हणून तिनं नवऱ्याला पानं कापायला बसवलं आहे. तो वाकडी कापतो, त्यामुळे छाट वाढली, अशी तिची तक्रार आहे.