घसा मोठा, पोट तेवढंच

आमच्या भाच्याने कांदा वाहायला घेतलेल्या छोट्या पेट्रोल ट्रकचा घसा मोठा करून आणला. घसा म्हणजे थ्रॉटल बॉडी. 46 मिलिमीटरची होती, 52 ची बसवली. "मामा, आता घोडेगावच्या मार्केटला आपली गाडी पहिली!" असं तो म्हणाला, आणि मी मूर्खासारखा त्याला चहा पाजला.

आता हिशेब बघा. एक लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर श्वास घेतं. मिनिटाला 3000 फेऱ्या धरल्या तरी फार तर दीड हजार लिटर हवा. घशाचं क्षेत्रफळ 28 टक्क्यांनी वाढलं म्हणून पोट वाढत नाही. (आमच्या घरातल्या माणसांना हा नियम लागू नाही, पण ते राहू द्या.) फरक पडला तो इतकाच, की पाय जरा टेकवला तरी पहिल्यापेक्षा जास्त हवा आत शिरे आणि गाडी उसळी मारी. त्या उसळीलाच भाचा ताकद समजला.

गाडीच्या कॉम्प्युटरला मात्र कोणी काही सांगितलंच नव्हतं. तो बिचारा जुन्याच घशाच्या हिशेबाने चालला होता. उभ्या गाडीत इंजिन कधी गुरगुरे, कधी मलूल होई, आणि समोर पिवळा दिवा लागला. मग भाच्याने लॅपटॉपवाला गाठला. त्याने तासाभरात पेट्रोल वाढवलं, पैसे घेतले आणि दिवाही घालवला. बिघाड घालवला नाही, दिवा घालवला!

माझं भांडण आहे ते इथे. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणाऱ्या डॉक्टरला आपण फी देऊ का? पुढे करंजी घाटाच्या चढाला मागून काळा धूर, प्लग कोळशासारखे, अठराचं ॲव्हरेज तेरावर. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आत जाळी वितळते, आणि ते सांगणारा एकुलता एक दिवा आपणच पैसे मोजून विझवलेला. शिवाय कंपनीच्या नोंदीबाहेरचा असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही. आणि हे कुठे, तर वाहनांची परीक्षा घेणारी व्हीआरडीई ज्या नगरात आहे तिथे!

कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत म्हणा. परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सभ्य वागणारा कॉम्प्युटर फोक्सवॅगननेच बनवला होता. 2015 मध्ये ते उघडकीला आलं. पण थोरांनी चोरी केली म्हणून आमच्या गल्लीने शिकवणी लावावी असं थोडंच आहे?

खरं तर घसा बदलण्याआधी एक साधी गोष्ट बघायची असते. चढावर ॲक्सिलेटर पूर्ण दाबून आतल्या हवेचा दाब मोजायचा. नगर साडेसहाशे मीटर उंचीवर, म्हणजे बाहेरचा दाब 94 किलोपास्कलच्या आसपास. आतही जवळपास तेवढाच निघाला, तर घसा कुठेच अडवत नाही. नवा घेऊन काय लोणचं घालायचं? आणि फरक निघालाच, घसा बदललाच, तर कॉम्प्युटरला नवी हवा खरी-खरी शिकवायची, धुरातला ऑक्सिजन मोजत, टप्प्याटप्प्याने. त्याला वेळ लागतो. दिवा विझवायला दोन मिनिटं लागतात.

शेवटी जुना घसा परत बसवला, जुना प्रोग्राम परत घातला, दिवाही जिवंत केला. परवा भाचा हळूच म्हणाला, "मामा, सायलेन्सर जरा मोठा टाकला तर?"

या वेळी मी चहा दिला नाही.