भोंगा वाजला म्हणून वर्ग घडत नाही

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने नव्या शिरगणतीत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हापासून आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकांतून एका जुन्या वादाने पुन्हा डोके वर काढले आहे. काही साथींचे म्हणणे असे की, जात मोजली म्हणजे जात बळकट होते. कामगार हा प्रथम कामगार असतो, वर्ग हीच त्याची खरी ओळख, आणि बाकीच्या अस्मिता सत्ताधाऱ्यांनी फूट पाडण्यासाठी पोसलेल्या असतात. हा युक्तिवाद सद्हेतूने केला जातो, याविषयी शंका नाही. परंतु तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत या महाराष्ट्रातील कामगार चळवळीने एकदा मोजलेली आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

त्यात तथ्याचा अंश आहे, हे आधी मान्य करू. १९०१ च्या शिरगणतीत हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा घाट घातला, तेव्हा देशभरच्या जातिसभांनी वरची पायरी मिळावी म्हणून अर्जांचा पाऊस पाडला. सरकारी रकाना माणसांच्या मनात शिरतो, हे खरे. पण म्हणून जात रकान्यातून जन्मली, आणि रकाना पुसला की ती विरून जाईल, असे मानणे हा भाबडेपणा झाला. १९३१ नंतर अखिल भारतीय पातळीवर सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. या साऱ्या काळात जात क्षीण झाली असे आपल्यापैकी कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

खरी गफलत आहे ती पुढच्या गृहीतकात. जात ही लादलेली, कृत्रिम. वर्ग मात्र नैसर्गिक, कारखान्यात आपोआप उगवणारा, अशी ही समजूत आहे. ती तपासायची असेल तर गिरणगावाएवढे चांगले उदाहरण दुसरे नाही.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे लालबाग-परळात उतरली. यंत्रे विलायतेची, भोंगा सर्वांना एकच, मालकही एकच. वर्ग आपोआप घडायचा असता तर तो इथे घडायला हवा होता. प्रत्यक्षात काय घडले? भरती मुकादमाच्या हाती होती, आणि मुकादम आपल्या गावची, आपल्या नात्यातली, आपल्या जातीची माणसे लावी. गड्यांची राहण्याची सोय गाववार खोल्यांत, जेवण आपापल्या खानावळीत. बायका वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत, कमी मजुरीवर. अस्पृश्य कामगारांना कताईत प्रवेश होता. पण जिथे मजुरी अधिक, त्या साचेखात्याचे दार त्यांना बंद होते. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड लावण्यास तयार नव्हता! पिण्याच्या पाण्याचीही तीच कथा. हजारो मैलांवरून आलेल्या यंत्राला जातीने असे सहज आपलेसे करून घेतले. मालकाची त्याला हरकत असण्याचे कारण नव्हते. विभागलेला कामगार त्याला स्वस्तच पडत होता.

म्हणजे गिरणीने कामगार दिले, वर्ग दिला नाही. वर्ग घडवावा लागला, आणि तो कोणी घडवला हे पाहण्यासारखे आहे. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली ती जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. एप्रिल १८९० च्या त्यांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. कामगारांची पहिली मोठी संघटना जातिविरोधी चळवळीच्या पोटी जन्मली, ही गोष्ट ‘आधी वर्ग, मग जात’ असे सांगणाऱ्यांनी विसरू नये.

पुढे १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या त्या वर्षअखेर पन्नास हजारांवर गेली. त्याच संपात डॉ. आंबेडकरांनी साधा प्रश्न विचारला : साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? संपनेत्यांनी ती घेतली ती नाखुशीनेच. आणि मालक मंडळींना हिणवण्याची आयती संधी मिळाली की, हा अन्याय आमचा नव्हे, तुमच्याच बांधवांचा आहे. १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, म्हणून आजही काही जण त्यांना दोष देतात. आमच्या मते दोष उलट दिशेने द्यायला हवा. ज्याला बंधू म्हणून हाक मारली, त्याच्या ओठांचा विटाळ मानायचा आणि त्याने मात्र उपाशी राहून संपात टिकावे, ही अपेक्षा कोणत्या समाजवादात बसते?

याच इतिहासाचे दुसरे पान तितकेच बोलके आहे. १९३६ साली आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्या पक्षाने व कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. निळा आणि लाल एका मैदानात आले. जातीचा प्रश्न गिळून ते आले नाहीत. दलित कामगार आपल्या संघटनेच्या बळावर, बरोबरीच्या नात्याने आला, म्हणून आले. एकजूट होते ती अशी.

जे घडवले जाते ते मोडताही येते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगाला एकच मान्यताप्राप्त युनियन ठरवली, आणि बोलणी करण्याचा अधिकार कामगारांच्या पसंतीपासून तुटला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच गिरणगावाने रक्त सांडले; १ मे १९६० ला राज्य मिळाले. पण त्या लढ्यातील मराठीपण श्रमिकाचे राहावे यासाठी डाव्या चळवळीने रोजच्या जीवनात जे करायला हवे होते ते केले नाही. १९६६ नंतर गल्लोगल्ली शाखा उघडल्या त्या शिवसेनेच्या. नळाचे भांडण, पोराची नोकरी, गणपतीचा मंडप, सगळीकडे ती हजर होती. आपण मात्र गेटसभा आटोपून घरी जात होतो. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत शेजारी शेजाऱ्यावर दगड घेऊन धावला, तेव्हा दोन्ही बाजूंना कामगारांचीच घरे होती. आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार असामान्य धैर्याने उभे राहिले, तरी त्यांच्या मागे उभा राहील असा समाज आपण बांधलेला नव्हता. गिरण्यांच्या जमिनींवर आज टोलेजंग इमारती उभ्या आहेत.

यावरून एवढेच स्पष्ट होते की, माणसांचा समूह रक्तातून येत नाही आणि केवळ मजुरीच्या पाकिटातूनही येत नाही. कोण कोणाबरोबर राहतो, जेवतो, कोणाच्या अडचणीला कोण धावतो, आणि लढ्याच्या मागण्यांत कोणाचे दुःख लिहिले जाते, यातून तो घडतो. रक्ताचा दाखला देणारे प्रतिगामी आणि वर्ग आपोआप येईल म्हणून वाट पाहणारे आपले साथी, दोघेही एकच चूक करतात : घडवण्याचे काम ते टाळतात.

म्हणून जातगणनेला विरोध नको. तिचे आकडे पूर्ण आणि वेळेवर प्रसिद्ध व्हावेत, आणि जातीबरोबर जमीन, नोकरी व शिक्षण यांचा हिशेबही मांडला जावा, असा आग्रह धरा. पण सरकारला प्रश्न विचारण्याआधी तेच प्रश्न आपल्या घरात विचारा. आपल्या युनियनच्या कार्यकारिणीत कंत्राटी सफाई कामगार किती? बाया किती? कायम कामगाराच्या बोनससाठी आपण जेवढे झगडतो, तेवढे गटारात उतरणाऱ्या माणसाच्या जिवासाठी झगडतो काय? १९२८ साली साचेखात्याच्या दारात उभा असलेला माणूस आजही आपल्या संघटनांच्या दाराबाहेर उभा आहे. त्याला आत घेतल्यावाचून बांधलेली एकजूट पहिल्याच धक्क्याला फुटेल, आणि त्या वेळी दोष शिरगणतीला देता येणार नाही.