केदारनाथची वाट आणि खेचरांचा श्वास

२०२५ च्या मे महिन्यात केदारनाथची यात्रा सुरू झाली आणि पहिल्या काही दिवसांतच गौरीकुंडाच्या चढणीवर डझनाहून अधिक घोडी व खेचरे मृत्युमुखी पडली. प्रशासनाने जनावरांची वाहतूक प्रथम चोवीस तासांसाठी थांबविली. वास्तविक रुद्रप्रयाग जिल्ह्यात घोड्यांचा इन्फ्लुएन्झा एप्रिलमध्येच आढळला होता. हे मृत्यू इन्फ्लुएन्झाचे की अन्य जिवाणूंचे, असा वाद मग उपस्थित झाला. शास्त्रीय नोंदीसाठी हा भेद महत्त्वाचा असेलही. परंतु रोगाचा क्रम पाहता धोरणासाठी तो फारसा उपयोगाचा नाही.

या रोगाचा विषाणू श्वासमार्गाच्या आतील अस्तरावर हल्ला करतो. धूळ आणि जंतू बाहेर लोटणारे सूक्ष्म केस त्यात नष्ट होतात. ताप दोन-चार दिवसांत उतरतो, पण अस्तर पुन्हा तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात जनावर कामाला जुंपले, तर जिवाणूंना फुप्फुसाचे दार उघडेच मिळते. विश्रांती मिळालेले जनावर बहुधा बरे होते. न मिळालेले न्यूमोनियाने दगावू शकते. त्यातच घोड्याला माणसाप्रमाणे तोंडाने श्वास घेता येत नाही. नाकपुड्या हाच त्याचा एकमेव मार्ग. अशा जनावराने सुमारे सोळा किलोमीटरची चढण पाठीवर ओझे घेऊन चढायची, तीही साडेतीन हजार मीटर उंचीवर, जिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने एक तृतीयांशाने कमी असतो!

घोडेवाल्याला निर्दय ठरविणे सोपे आहे. परंतु वर्षाची कमाई ज्याला यात्रेच्या सहा महिन्यांत करावयाची आहे, त्याला तीन आठवडे जनावर दावणीला बांधून ठेव, असे सांगताना त्याच्या चुलीचा विचार कोणी केला आहे? विमा उतरविलेले जनावर मेले, तर भरपाई मागता येते. ते मरू नये म्हणून घरी ठेवले, तर पदरात काय पडते? जिथे आजार लपविण्यात फायदा आणि सांगण्यात तोटा आहे, तिथे तपासणीची नाकी कितीही उभारली तरी आजार लपविलाच जाणार.

हा धोका नवाही नाही. २००८ साली वैष्णोदेवीच्या यात्रेचे ठाणे असलेल्या कटऱ्यात हीच साथ उद्भवली आणि अनेक राज्यांत पसरली. त्याहून मोठा धडा १८७२ चा आहे. त्या वर्षी अमेरिकेतील शहरांत घोडी एकाच वेळी आजारी पडली आणि वाहतूक ठप्प झाली. नोव्हेंबरात बोस्टनला प्रचंड आग लागली, तेव्हा अग्निशमनाचे बंब माणसांना ओढून न्यावे लागले. त्या साथीत बहुसंख्य घोडी वाचली; पण ज्या जनावरांच्या श्रमावर आपले जीवन चालते, त्यांची गणना समाज ती खाली बसल्यावरच करतो, हे तेव्हा दिसले.

उपाय अवघड नाहीत. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. निदानाची सोय आहे, लसही उपलब्ध आहे. शर्यतीच्या मौल्यवान घोड्याला जी लस टोचली जाते, ती यात्रेच्या खेचराला हंगामापूर्वी का मिळू नये? प्रत्येक फेरीच्या भाड्यावर अल्पसा अधिभार बसवून विश्रांतीचा निधी उभारावा आणि आजारी जनावराच्या मालकाला त्यातून रोजचा भत्ता द्यावा. म्हणजे खोकला लपविण्याचे कारणच उरणार नाही. जनावराचा ताप मोजल्याखेरीज त्याला फेरीचा परवाना मिळू नये आणि आजारी जनावराला तीन आठवडे वाटेवर येऊ देऊ नये.

याने भाडे वाढेल, वृद्ध यात्रेकरूंची गैरसोय होईल, हा आक्षेप खरा आहे. परंतु आजचे भाडे स्वस्त आहे ते खेचराने आपल्या फुप्फुसातून उरलेली रक्कम भरल्यामुळे. महाराष्ट्रातूनही दरवर्षी असंख्य भाविक त्या वाटेने जातात. देवाच्या दारी नेणाऱ्या मुक्या जिवाच्या विश्रांतीचे चार पैसे त्यांना जड वाटू नयेत. आणि वाटलेच, तर त्या पुण्याचा हिशेब कुठेतरी चुकला आहे, असेच म्हटले पाहिजे.